लहान मूल घेऊन परदेशी राहायला जाताना: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची वेंगुर्ल्याकडची, संसार मस्कतला. दर वर्षी मे महिन्यात गावी गेले की कुणाची तरी सून, कुणाची भाची अंगणात येऊन बसते. कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, हातात कागदांची पिशवी आणि तोंडात तेच प्रश्न. कुणाचा नवरा आखातात, कुणाला जर्मनीत नोकरी लागलेली, कुणी न्यूझीलंडला निघालेलं. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. एक ते तीन वर्षांचं मूल डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

कागदपत्रांची सुरुवात कुठून करायची?

जन्मदाखल्यापासून, आणि तो बहुतेक वेळा माहेरी असतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि जन्माची नोंद जिथे मूल जन्मलं तिथेच होते. सासर दापोलीला आणि बाळंतपण कणकवलीला झालं असेल, तर दुरुस्तीसाठी कणकवलीलाच जावं लागणार. निघायच्या गडबडीत हे लक्षात आलं तर एका अक्षरासाठी सबंध कोकण पार करायची वेळ येते.

दाखल्यात तीन गोष्टी बघा. पहिली, बाळाचं नाव आहे का. नोंद जन्मानंतर 21 दिवसांत करायची असते आणि बारसं अनेक घरांत त्यानंतर होतं, त्यामुळे नावाची जागा कोरी राहते. नाव नंतर घालता येतं. वर्षाच्या आत शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. दुसरी, आई-बाबांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतं का. तिसरी, आईचं नाव माहेरचं लागलंय की सासरचं. पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं.

1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच धरतात. तेव्हा या एका कागदावर वेळ घालवा, तो वाया जात नाही.

याच फेरीत लग्नाचा दाखलाही तपासा. देवळात किंवा हॉलमध्ये लग्न झालं, पत्रिका आहे, फोटो आहेत, पण नोंदणी केलेली नाही अशी घरं कमी नाहीत. कुटुंबाच्या व्हिसाला विवाह नोंदणीचा दाखला लागतोच. गावात ही नोंदणी ग्रामसेवकांकडे होते.

पासपोर्टच्या वेळी मुलाला बरोबर न्यावं लागतं का?

हो, न्यावंच लागतं. तान्हं असलं तरी. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो सोबत ठेवा. आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागतं, त्याला ‘परिशिष्ट ड’ म्हणतात. वडील परदेशात असतील तर तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र मागतात, म्हणून ते आधीच मागवून ठेवा. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो. नव्या अर्जाचं शुल्क हजार रुपये, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सूट.

काही पासपोर्टवर नोकरीसाठी देश सोडण्याआधीच्या तपासणीचा ‘एमिग्रेशन चेक’चा शिक्का असतो, त्याची काळजी मुलाच्या बाबतीत करू नका. अठरा वर्षांखालच्यांना ती अट नसते.

अपोस्टिल आणि अटेस्टेशन यांत फरक काय? एजंट दोन्हीचे पैसे मागतो.

दोन्ही म्हणजे आपला कागद खरा असल्याची सरकारी खूण. कुठल्या देशात जाताय त्यावर दोन्हींतलं एकच लागतं. कागदपत्रांविषयीच्या हेग करारातले बहुतेक देश अपोस्टिलचा शिक्का मानतात. भारत त्या करारात 2005 पासून आहे. आखातातले ओमान, बहरीन आणि 2022 पासून सौदीही आहेत. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र मंत्रालयातून, मग परराष्ट्र मंत्रालयातून आणि शेवटी त्यांच्या दूतावासातून असं साक्षांकन करावं लागतं. जन्मदाखला आणि विवाह दाखला, दोन्हींवर. एजंटला देश सांगा आणि ‘कुठला शिक्का, कुणाचा’ हे लिहून घ्या. मूळ कागद हातातून जाण्याआधी रंगीत स्कॅन काढून तो स्वतःला ई-मेल करून ठेवा.

नवरा दुबईत आहे. त्याला आम्हाला बोलावता येईल का?

अमिरातीत कुटुंबाला बोलवायला पगाराची किमान अट आहे: 4,000 दिरहम, किंवा 3,000 दिरहम आणि कंपनीची राहायची जागा. बाकी देशांचे आकडे वेगळे आहेत आणि बदलत राहतात, ते कंपनीच्या माणसाकडूनच काढून घ्या. पण पगार अटीत बसला म्हणजे संसार बसला असं होत नाही. घरभाडं, नंतर शाळेची फी आणि मुलाचा आरोग्य विमा या तिन्हींचा हिशोब वहीत मांडून मगच हो म्हणा. चार जणांत खोली घेऊन राहणारा माणूस महिन्याला जे गावी धाडतो, ते कुटुंब नेल्यावर धाडता येत नाही. घरात सासू-सासऱ्यांची औषधं त्या पैशांवर चालत असतील तर हे आधीच, उघडपणे बोलून घ्यायला हवं. हा विषय बायका माझ्याकडे हळूच काढतात. तो माजघरात सगळ्यांसमोर काढायचा विषय आहे.

लसी पूर्ण आहेत. अजून काय करायचं?

आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा, पण त्यावर अवलंबून राहू नका. त्यातल्या तारखा घाईत लिहिलेल्या असतात आणि परदेशातल्या परिचारिकेला त्या वाचता येत नाहीत. आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लसीचं नाव, तारीख आणि डोस असं टाइप करून, सही-शिक्का घेऊन ठेवा.

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. गालगुंड, कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसी त्यात नाहीत. पुष्कळ देशांतली पाळणाघरं यांतली एखादी विचारतात, म्हणून निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांशी बोला. जर्मनीत तर मार्च 2020 पासून गोवराच्या लसीचा पुरावा दिल्याशिवाय पाळणाघरात घेतच नाहीत. वर्षाच्या मुलाला एक डोस, दोन वर्षांच्या मुलाला दोन. दुसरा डोस राहिला असेल तर तो इथेच घेऊन जा.

आणि मुलाच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण तिथल्या डॉक्टरांना आपणहून दाखवा. अनेक देशांत ती लस सरसकट देत नाहीत, आणि ती घेतलेल्या मुलाची क्षयाची त्वचा-चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

विमान मुंबईहून धरावं की गोव्यातल्या मोप्याहून?

सिंधुदुर्गातल्यांनी आणि राजापूरपर्यंतच्यांनी आधी मोप्याचं बघावं. ते विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे, आखाताकडे थेट विमानं तिथून सुटतात, आणि सावंतवाडीहून गाडीने ते जवळच आहे. वेळापत्रक मात्र हंगामागणिक बदलतं. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाहून परदेशी विमान नाही.

चिपळूण, खेड, मंडणगडकडच्यांना मुंबईच. तेव्हा रात्रीच्या विमानासाठी त्याच दिवशी सकाळी घर सोडू नका. महामार्गावर कुठे काय अडेल सांगता येत नाही, पावसाळ्यात घाट बंद पडतो, आणि रेल्वेचंही पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. आदल्या दिवशी पनवेलला किंवा ठाण्याला नातेवाईकांकडे पोचा, मुलाला नीट जेवू-झोपू द्या. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण वेगळी बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं. माझं मत विचाराल तर बर्थ घ्या.

मी एकटीच मूल घेऊन पहिल्यांदा विमानात बसणार आहे. भीती वाटते.

वाटणारच. आपल्याकडच्या कितीतरी बायका अशाच गेल्या आहेत, बसस्टँडच्या पलीकडे कधी एकट्या न गेलेल्यासुद्धा. ते जमतं.

नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि त्याच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत सोबत ठेवा. चेक-इनच्या खिडकीवर सरळ सांगा, ‘एकटी आहे, लहान मूल आहे, मदत हवी.’ मराठीत सांगितलंत तरी चालतं, मुंबईत आणि मोप्याला समजणारं कुणीतरी असतंच. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर बसवायचं तिकीट मिळतं, बहुतेक कंपन्यांत मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास. दोन पूर्ण झाली की स्वतंत्र सीट. परतीच्या तारखेला मूल दोन वर्षांचं होत असेल तर परतीची सीट वेगळी घ्यावी लागते, हे बुक करतानाच बघा. समोरच्या भिंतीला लावतात तो पाळणा साधारण दहा-अकरा किलोपर्यंतच चालतो, त्यामुळे चालतं मूल त्यात मावेल या भरवशावर राहू नका.

कान दुखतात ते मुख्यतः विमान उतरताना. त्या वेळी मूल गिळत राहिलं पाहिजे: दूध, पाणी, अंगावर पाजत असाल तर तेच. म्हणून उतरायच्या आधी अर्धा तास त्याला जागं करा. सर्दी जास्त असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. बाळाचं दूध, पाणी आणि मऊ जेवण प्रवासापुरतं हातातल्या सामानात नेता येतं, शंभर मिलिलिटरची अट त्याला लावत नाहीत; तपासणीच्या वेळी ते बाहेर काढून दाखवा.

वाळे, करदोट्याचं चांदीचं घुंगरू, मनगट्या आधीच काढून ठेवा. झोपलेल्या मुलाच्या पायातले वाळे तपासणीच्या रांगेत सोडवत बसणं नको.

आईने मसाला, खोबरं, लाडू बांधून दिलेत. नेता येतील का?

इथे सगळ्यांत जास्त काळजी घ्या, कारण हे प्रेमाने बांधलेलं असतं आणि म्हणून कुणी तपासत नाही.

सुकं खोबरं सामानात घालू नका. तेलाच्या प्रमाणामुळे ते आग धरू शकतं म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही. वाट्या काढून ठेवायला लावतात. किसून भाजून चटणी केलेली असेल तरी आधी विमान कंपनीला विचारा.

खसखस अमिरातीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. सौदी, कतार आणि सिंगापूरलाही तिला बंदी आहे. आता आपला घरचा मालवणी मसाला आठवा: धणे, बडीशेप, दगडफूल, बेडगी मिरची, आणि त्याबरोबर पुष्कळ घरांत भाजलेली खसखस आणि जायफळही. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांतही खसखस पडते. अनारशांवर तर ती वरूनच लावलेली दिसते. जायफळ सौदीत सबंधही नेता येत नाही आणि पूडही नाही. म्हणून मसाला कुटायला देतानाच आईला सांगा की यातला थोडा खसखस-जायफळ न घालता वेगळा काढ. चवीत फरक पडतो, पण विमानतळावर अडकण्यापेक्षा तो परवडला. विकतच्या पाकिटावरची घटकांची यादीही वाचा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला बिया, मध, तूप, सुकी मासळी, लाकडी खेळणी, जे काही असेल ते फॉर्मवर लिहून द्या. लिहून दिलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर न्यूझीलंडमध्ये जागेवर 400 डॉलर दंड होतो. युरोपीय संघात प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत; पेढे आणि खरवसही त्यातच आले. सुके बांगडे आणि सोडे मात्र मासळीच्या सवलतीत बसतात. नीट पॅक करा, बाकी कपड्यांना वास लागतो.

बाळगुटी आणि काजळ चालू ठेवू का?

बाळगुटीत जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड असं सगळं असतं. जायफळाचं वर सांगितलंच. वेखंड अमेरिकेत खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी आहे. मूल वर्षाचं झालं, जेवायला लागलं की गुटीची गरजही उरत नाही. थांबवा. आजीला वाईट वाटेल. तिला सहाण-खोड घरी देव्हाऱ्याशी ठेवायला सांगा.

काजळ डोळ्यांत घालू नका. पुष्कळ काजळांत शिसं सापडलं आहे आणि अमेरिकेसारख्या देशांत ते विकायलाच परवानगी नाही. दृष्टीसाठी तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा. गळ्यातला काळा दोरा पाळणाघरात काढायला सांगतात, कारण तो खेळताना अडकून फास बसू शकतो. त्यांचं बरोबर आहे.

तिथे मुलाला खायला काय घालू?

जे इथे खातो तेच, पहिला महिनाभर तरी. नवी जागा, नवी हवा, नवे आवाज, यांत ताट तरी ओळखीचं असू दे. आखातात केरळी दुकानांत उकडा तांदूळ मिळतो, त्याची पेज छान होते. नाचणी ‘रागी’ नावाने आणि कुळीथ ‘हॉर्स ग्राम’ किंवा मल्याळी ‘मुदिरा’ म्हणून मिळतात, तेव्हा पिठीची काळजी नको. ताजी मासळी तर आखातात भरपूर. युरोपात भारतीय किंवा श्रीलंकन दुकान शोधा. जाताना फक्त आठवड्यापुरतं नाचणी सत्त्व आणि मेतकूट न्या. पहिले दोन दिवस घरात गॅस लागलेला नसला तरी गरम पाण्यावर भागतं.

झोपेचं घड्याळ किती बिघडतं?

मस्कत, दुबई दीड तास मागे, तिथे जेमतेम जाणवतं. जर्मनी साडेतीन-साडेचार तास, इंग्लंड साडेचार-साडेपाच. साधारण तासाला एक दिवस धरा. सकाळी उन्हात न्या, दुपारची झोप लांबू देऊ नका, आणि रात्री तीच अंगाई, तीच गोधडी. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी असेल तर ती न धुता न्या, घराचा वास राहतो.

थंडीचं काय? आमच्या मुलाने स्वेटर घातलेला नाही.

थंड देशात एक जाड कोट घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. कपडे तिथेच घ्या, इथले स्वेटर उपयोगी पडत नाहीत. ऊन कमी असल्याने ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब लागतात. इंग्लंडमध्ये एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज 10 मायक्रोग्रॅम द्यायला सांगतात. आखातात त्रास उलटा असतो: आपल्या दमट हवेतून गेलेल्या मुलाची त्वचा आणि नाक एसीने कोरडं पडतं. खोबरेल तेल आंघोळीनंतर ओल्या अंगावर लावा.

मूल मालवणी बोलू लागलंय. तिथे इंग्रजीच बोलावं का?

नाही. घरात जी बोलता तीच बोला. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलाचं बोलणं मागे पडत नाही. पाळणाघरात गेल्यावर ते काही आठवडे किंवा महिने गप्प बसेल, ऐकत असतं. मोजायचेच असतील तर सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजा. दोन वर्षांचं होऊनही सगळ्या भाषांत मिळून पन्नासेक शब्द नसतील आणि दोन शब्द जोडत नसेल, तर मात्र भाषेवर खापर न फोडता डॉक्टरांना दाखवा, कानही तपासा.

‘खय गेल्लंस’ म्हणणारं मूल सुधारून ‘कुठे गेला होतास’ म्हणायला लावू नका. गावी फोन लावल्यावर आजोबांशी ते ज्या भाषेत बोलणार, ती ही.

पाळणाघर कधी शोधायचं?

जायच्या आधी. जर्मनीत 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, तरी यादी लांब असते. तिथे पहिले काही आठवडे आई किंवा बाबांनी सोबत बसायचं असतं, म्हणून नोकरी रुजू व्हायची तारीख त्या हिशोबाने घ्या. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला 15 तास मोफत मिळतात.

तिथले कुठले कायदे आपल्याला माहीत नसतात?

दोन. गाडीत मूल मांडीवर घेऊन बसता येत नाही. अमिरातीत चार वर्षांखाली चाइल्ड सीट सक्तीची, नाहीतर 400 दिरहम दंड. इंग्लंडमध्ये बारा वर्षांपर्यंत किंवा 135 सेंटिमीटर उंची होईपर्यंत. रिक्षात आईच्या कुशीत वाढलेलं मूल पट्टा लावला की रडतं, म्हणून आधी घरातच ती सीट जमिनीवर ठेवून त्यात बसवून खाऊ द्या, गोष्ट सांगा.

दुसरं म्हणजे धपाटा. जर्मनीत 2000 पासून, न्यूझीलंडमध्ये 2007 पासून मुलावर हात उगारणं कायद्याने बंद आहे. आपल्याकडे ते कुणी मनावर घेत नाही. मला विचाराल तर इथेही थांबवायला हवं.

आजी-आजोबांना मूल विसरेल का?

हा प्रश्न विचारताना सगळे आवाज खाली आणतात. सासूबाईंनी मला विचारलं होतं, ‘माका विसारतलो तो?’

खरं सांगायचं तर इतक्या लहान वयात नुसतं सोडून दिलं तर विसरतं. म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि हेही समजून घ्या की त्रास मुलालाही होतो. ज्या घरात सकाळी काका कडेवर घेतो, दुपारी आजी पडवीत झोपवते, संध्याकाळी शेजारची पोरं अंगणात नाचवतात, तिथून ते दोन खोल्यांत एकट्या आईपाशी येतं. चिडचिड, रात्री उठून रडणं, सुटलेला लंगोट परत लागणं, आईला क्षणभर न सोडणं, हे त्यामुळे होतं. विमानाच्या थकव्यावर ढकलू नका. काही आठवडे चालतं, ओसरतं. त्या दिवसांत नवी सवय लावायला जाऊ नका: बाटली सोडवणं नको, वेगळं झोपवणं नको.

व्हिडिओ कॉल रोज ठरलेल्या वेळी करा, थोडाच करा. स्क्रीन नको म्हणणारे बालरोगतज्ज्ञसुद्धा या वयात व्हिडिओ कॉलला सूट देतात. पण ‘आजीला हाय कर, आजीला नाचून दाखव’ असं नको. मूल दोन मिनिटांत पळतं आणि आजी हिरमुसते. त्यापेक्षा फोन जेवणाच्या ताटाजवळ ठेवा. आजी तिकडे नारळ खवते, मूल इकडे भात खातं, मधूनच ती ‘काऊ येता बघ’ म्हणते. आजोबा गुरं बांधताना फोन खांबाला टेकवून ठेवतात, मूल हंबरणं ऐकतं. रोजचं काम दिसलं की माणूस ओळखीचं राहतं. आजीला फोन लावता येत नसेल तर निघायच्या आधी पुतण्याला बसवून शिकवा, आणि घरात वाय-फायची सोय करून जा. खर्चाच्या यादीत मी हे तिकिटाच्या खालोखाल धरेन.

जाण्यापूर्वी जावळ, देवाचं गाऱ्हाणं करून घ्यावं का?

करावं. घाई होते, पण सगळं घर जमतं, मुलाला सगळ्यांचा हात लागतो. जावळ पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो काढून झाल्यावर करा म्हणजे चेहऱ्याबद्दल प्रश्न येत नाही. ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घातलं जात असताना त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

पहिल्यांदा परत येताना कशाची तयारी ठेवायची?

बहुतेक जण गणपतीला येतात. घर भरलेलं असतं, सगळ्यांना मूल उचलून घ्यायचं असतं आणि ते आईच्या पदरामागे लपतं. जमलं तर चतुर्थीच्या चार दिवस आधी या, घर शांत असताना. आजीला आधीच सांगून ठेवा की ते लगेच येणार नाही. तिने आपलं काम करत बसावं, ते आपणहून जवळ जातं.

पाणी उकळूनच द्या, मच्छरदाणी लावा, आणि पावसात अनवाणी फिरू देऊ नका. लेप्टोच्या तापाचे दिवस असतात. मुलाचा पासपोर्ट संपायला सहा महिन्यांहून जास्त अवधी आहे ना, तेही बघा. मुंबईला उतरणार असाल तर रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या उघडताक्षणी भरतात, म्हणून विमानाची तारीख ठरली की ते काम गावच्या कुणाकडे तरी त्याच दिवशी सोपवा.